ताट खोटं आहे

आधीच सांगून ठेवते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमच्या मोहल्ल्यात कोणाच्या अंगात आलं की सगळ्या बाया धावतात, आणि मी आपली ओसरीवर भाजी निवडत बसते. सासूबाई होत्या तोवर देवाचं सगळं त्या बघायच्या. त्या गेल्यावर मी रोज दिवा लावते, सणावारी नैवेद्य दाखवते, पण लावायचा म्हणून लावते. नवस नाही, दृष्ट काढणं नाही. तेव्हा पुढे जे लिहून राहिले आहे ते वाचून कोणी "बाई भाबडी दिसते" असं म्हणू नये. भाबडी असते तर माझं सोपं झालं असतं...

हे लिहू का, असं मी आमच्या ह्यांना विचारलं. "लिही," म्हणाले. "आता काय राहिलंय लपवायला." म्हणून लिहिते. माणसांची नावं बदलली आहेत आणि नाटकाचं नाव देत नाही, कारण मंडळातली माणसं अजून जबलपुरातच आहेत.

दुसऱ्या मोठ्या लढाईची शेवटची दीड-दोन वर्षं चालली होती. आम्ही अधारतालच्या बाजूला राहत होतो — दोन खोल्या, मागे अंगण. मूळचे आम्ही वर्ध्याकडचे, पण ह्यांचा जन्म इथलाच. हे एका सरकारी गोदामात क्लार्क होते. तंबू, ताडपत्र्या, दोरखंड, सगळा लष्कराचा माल. मी घरी मशीनवर शिवण करायची. शेजारच्या दोन खोल्यांत दामोदरराव, त्याच गोदामातले, आणि त्यांची बायको कुसुम. आमच्या दोघींची भिंत एक. तिचे ब्लाउज माझ्या मशीनवर आणि माझ्या पुरणपोळ्या तिच्या तव्यावर, कारण माझी पोळी हमखास फुटते. अशी आठ वर्षं गेली होती.

एका वैशाखात सकाळीच माझ्या मशीनचा पट्टा तुटला. दुसऱ्या दिवशी एका लग्नघरचे कपडे द्यायचे होते. मी ह्यांना म्हटलं, आज चारला घरी या, पट्टा जोडून द्या, नाहीतर माझं नाक कापलं जाईल. ड्यूटी साडेपाचपर्यंत असायची. हे चारला आले, पट्टा जोडला, मशीन सुरू झालं. मग साडेसहाच्या सुमाराला चहा घेत अंगणात उभे होते तर गोदामाच्या दिशेला धूर दिसला. ह्यांच्या हातात बशी होती. "कंदील," एवढंच म्हणाले आणि चपला न घालता पळाले.

गोदामाला खिडक्या नव्हत्या, दिवसाही आत कंदील लागायचा. तो ह्यांनी लावला होता. निघताना विझवायचा राहिला. दामोदररावांना सांगून आले होते की किल्ली खुंटीवर आहे, साडेपाचला कुलूप लावून टाका. त्यांनी बाहेरूनच कुलूप लावलं. आत बघायचं त्यांना काय कारण?

लढाईचा माल जळला म्हणजे साधी गोष्ट नव्हती. वरून एक इन्स्पेक्टर आला. ह्यांनी लिहून दिलं की मी साडेपाचपर्यंत होतो, कंदील मी स्वतः विझवला, कुलूप लावायला दामोदरराव मागे राहिले. दामोदररावांनी लिहून दिलं की हे दीड-दोन तास आधीच निघून गेले होते. एकाविरुद्ध एक. म्हणून इन्स्पेक्टर घरी आला आणि दारातच मला विचारलं, "आपके पति उस दिन कितने बजे घर आए थे, बाईजी?"

मी म्हटलं, "छह के बाद. रोज के जैसे."

त्याने ते लिहिलं आणि माझी सही घेतली. मी पदर सावरून सही केली. त्या वेळी मला काही वाटलं नाही. बायको दुसरं काय सांगणार, असं मी मनाशी म्हटलं आणि आत जाऊन भाताला आधण ठेवलं.

कुसुमनेही त्याला सांगितलं होतं की साडेचारला माझं मशीन सुरू झालेलं तिने भिंतीपलीकडून ऐकलं. पण आरोपीच्या बायकोचं कोण ऐकतं? दामोदरराव तीन दिवस कोठडीत होते. मग सुटले, पण नोकरीवरून काढलं, आणि काढताना कागदावर असं काही लिहिलं की शहरात त्यांना कोणी दारात उभं करेना. जायच्या आदल्या दिवशी कुसुम माझ्याकडे आली. बसली नाही. म्हणाली, "शांता, तू खरं काहून नाही सांगत?"

मी म्हटलं, "मला घड्याळ कळत नाही."

तिने माझ्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गेली. ते सिहोऱ्याला गेले. तिथे एका मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, मुलांना दामोदरराव शिकवू लागले, असं कानावर आलं. शेजारच्या खोल्यांत एक कटनीचं कुटुंब आलं. मी त्यांच्याशी बोलायला गेले नाही.

आता नाटकाचं.

आमच्या मराठी मंडळाने वीस-पंचवीस वर्षांपूर्वी एक ऐतिहासिक नाटक केलं होतं, ते पुन्हा करायचं ठरलं. मराठ्यांच्या अमलातली गोष्ट. किल्ल्यावरचा एक कारकून भीतीपोटी दरवाजा उघडा टाकतो, आणि सुभेदाराच्या दरबारात बेलभंडार उचलून सांगतो की दरवाजा माझ्या मित्राने उघडला. मित्राला शिक्षा होते. पुढचे दोन अंक त्या कारकुनाला त्याचं मन जगू देत नाही. बेलभंडार उचलणं म्हणजे काय हे नव्या मुलांना ठाऊक नसेल — बेलाची पानं आणि खंडोबाचा भंडारा, म्हणजे देवाची हळद, हातात घेऊन बोलायचं. पूर्वी तीच शेवटची साक्ष मानायचे.

कारकुनाचं काम ह्यांना मिळालं. नाटक बसवणारे तात्या मास्तर, शाळेतून रिटायर झालेले. पहिल्या वेळी ते काम त्यांनीच केलं होतं. माझ्याकडे कपडे आणि सामान. अंगरखे, पगड्या, ढाल-तलवारी... आणि शपथेचं ताट.

या ताटाबद्दल तात्यांचा एक नियम होता. त्यात खरा बेल आणि खरा भंडारा कधी ठेवायचा नाही. जांभळीची पानं तीन-तीन दोऱ्याने बांधायची, आणि भंडारा म्हणून भिंतीला लावतात ती पिवडी. एवढंच नाही. अंक सुरू होण्याआधी ज्याने ताट भरलं त्याने ते नटासमोर धरायचं, वर उजवा हात ठेवायचा आणि तीनदा म्हणायचं, "ताट खोटं आहे." नटाने म्हणायचं, "खोटं आहे." मगच ताट स्टेजवर जायचं. मी विचारलं, हे काहून? तात्या म्हणाले, "आमच्या मास्तरांनी शिकवलं, सूनबाई. शपथ खोटी असली तरी देवाला ठाऊक असावं की आपण खेळून राहिलो." मला हसू आलं, पण मोठ्या माणसापुढे काय हसायचं.

तालमी सुरू झाल्या. आणि रोज संध्याकाळी मी ह्यांना ते वाक्य म्हणताना ऐकू लागले. काय छान म्हणायचे! आवाज जरा खाली आणून, डोळे न हलवता. घरी आले की हातपाय धुवायचे, जेवायचे, झोपायचे. आगीनंतर सहा-सात महिने झाले होते. इतक्या महिन्यांत एकदाही ह्यांनी दामोदररावांचं नाव घेतलं नव्हतं. मीही घेतलं नव्हतं, पण माझं वेगळं, असं मी समजत होते. कंदील काही मी लावला नव्हता. मला राग येऊ लागला. या माणसाला काहीच वाटत नाही? मित्राचं वाटोळं झालं आणि हे त्याचंच नाटक करून टाळ्या घेणार?

म्हणून मी ठरवलं.

सासूबाईंनी जेजुरीहून आणलेला भंडारा देवघरात एका पितळी डबीत होता. मी मानत नव्हते. पण हे मानत होते — डबीला न शिवता ह्यांची आंघोळ पूर्ण व्हायची नाही. म्हणूनच. मला बघायचं होतं की खरा भंडारा मुठीत आल्यावर ह्यांची जीभ अडखळते का. निदान एकदा, चारचौघांत, ह्यांना घाम फुटावा एवढंच मला हवं होतं. त्यातून हे खरं बोलतील असंही वाटत होतं का? थोडंसं वाटत होतं. खोटं कशाला लिहू.

मार्गशीर्षातला रविवार. रॉकेल रॅशनवर, त्यामुळे नाटक दुपारी तीनला ठेवलं होतं, शाळेच्या हॉलमध्ये, सगळ्या खिडक्या उघड्या. मी सकाळी महादेवाच्या देवळामागचा बेल तोडून आणला. ताटात पिवडीच्या जागी भंडारा ओतला, वर बेल ठेवला, वर फडकं. तात्यांचे डोळे अधू, त्यांना काय दिसणार होतं.

दुसऱ्या अंकाआधी मी विंगेत ह्यांच्यासमोर ताट धरलं. अंगरखा, पगडी, कपाळाला गंध. फडक्यावर मी उजवा हात ठेवला. फडकं जुनं, विरलेलं, भंडारा बोटांना लागत होता. तात्या मागे उभे.

"ताट खोटं आहे," मी म्हटलं.

"खोटं आहे," हे म्हणाले.

असं तीनदा. माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. मग ताट स्टेजवर गेलं.

मी विंगेच्या फटीतून बघत होते. सुभेदाराने विचारलं. हे पुढे झाले, ताटातून पानं उचलली, मूठभर भंडारा घेतला. एक क्षण थांबले. मला वाटलं, आता... पण नाही. समोर बघून, आवाज खाली आणून, तालमीत म्हणायचे त्याहून चांगलं म्हणाले की हा बेलभंडार उचलून सांगतो, दरवाजा माझ्या मित्रानेच उघडला. हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. आणि मग टाळ्या.

तेव्हाच कधीतरी माझा उजवा हात गेला. दुखलं नाही, मुंग्या नाहीत. हात अंगाखाली दाबला गेला की होतो तसं, पण मग तो हळूहळू जागा होतो ना, तसा हा झाला नाही. मला लगेच कळलंही नाही. अंक संपल्यावर कोणीतरी पितळी पेल्यात चहा दिला. मी पेला हाताने घट्ट धरून उभी होते. मंडळातल्या एक बाई म्हणाल्या, "अहो, काय करून राहिल्या, उकळता चहा आहे तो." मी पेला ठेवला तर तळव्याची कातडी लाल होऊन वर आलेली. मला काहीच नाही. मी हाताकडे दुसऱ्या कोणाचा असावा तसं बघत राहिले.

नाटक संपलं. घरी आलो. हे अजून हात न धुता कपडे काढत होते तेव्हा मी ह्यांचा हात पाहिला. भंडाऱ्याची मूठ भरलेला हात, पांढऱ्या धोतरावर टेकवलेला. हाताला पिवळा डाग नाही, धोतराला नाही, नखात नाही. मी मात्र नाटक संपल्यावर साबणाने हात धुतले होते, तरी माझी बोटं पहिल्या पेराच्या वरपर्यंत पिवळी होती. ती आणखी दोन दिवस पिवळी राहिली. हे जेवले आणि झोपले. मी डाव्या हाताने जेवले, पण ह्यांनी काही विचारलं नाही.

मग पुढचे दीड-दोन महिने... काय लिहू? दिवस ढकलले. शिवण बंद पडलं, कारण सुई कपड्यात जाते की बोटात हे मला बघितल्याशिवाय कळेना. लोकांचे कपडे मी न शिवता परत केले. एका बंगाली डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी टाचणी टोचून बघितली. बोटं हलतात, मूठ वळते, ताकद आहे, फक्त मनगटाच्या खाली काही कळत नाही. म्हणाले, "नस दिखती ठीक है. समझ में नहीं आता." एक मलम दिलं. रडू येत नव्हतं, भीती वाटत नव्हती. हाताचं काय, सगळ्याचंच तसं झालं होतं. मी पोळ्या करायची, त्या जळायच्या, हे जळक्या पोळ्या न बोलता खायचे.

संक्रांतीला तिळगूळ द्यायला तात्या मास्तरांकडे गेले तेव्हा त्यांनी हात बघायला मागितला. मग विचारलं, "ताटात काय होतं, सूनबाई?"

मी सांगितलं. ते रागावले नाहीत. तिळगुळाची वाटी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "त्याने शपथ घेतली ती नाटकातली. तू हात ठेवून काय म्हणालीस?"

मी तशीच घरी आले. देवाच्या भंडाऱ्यावर हात ठेवून तीनदा खोटं बोलले होते, ते मी. ह्यांना पकडायला म्हणून. पण तेवढंच असतं तर बरं. घरी येऊन मशीनवर खोळ घालताना मला इन्स्पेक्टरच्या कागदावरची सही आठवली. त्याच हाताची. मी इतके महिने ह्यांच्यावर डोळे वटारून बसले होते, आणि माझ्या सहीची मला आठवणच नव्हती. खरंच नव्हती. यावर कोणाचा विश्वास बसणार नाही, पण नव्हती.

दुसऱ्या दिवशी, हे ऑफिसला गेल्यावर, मी सिहोऱ्याची बस धरली. त्या दिवसांत बस कोळशाच्या गॅसवर चालायची. चढ आला की माणसं उतरायची. पनागरला टोपल्या घेऊन भाजीवाल्या चढल्या, एकीची टोपली सगळी वाट माझ्या पायावर होती. मी काय बोलायचं ते ठरवत होते आणि काही ठरत नव्हतं.

कुसुम अंगणात धान्य पाखडत होती. वाळली होती. मला पाहून उठली नाही, पण सूप खाली ठेवलं. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "कुसुम, ते त्या दिवशी चारला आले होते. मी खोटं सांगितलं. मला घड्याळ कळतं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "बैस."

मी बसले. तिने पाणी आणून दिलं. मग ती सांगू लागली, सहज, बाजारभाव सांगावा तसं. "भाऊजी आले होते ना, दसऱ्याला. सोनं द्यायला म्हणून आले आणि ह्यांचे पाय धरून बसले. सगळं सांगितलं. साहेबाकडे लिहून देतो म्हणाले, खिशात कागद लिहूनच आणला होता."

मला काही समजेना. "मग दिला काहून नाही?"

"ह्यांनी नाही देऊ दिला." कुसुमने माझ्याकडे न बघता सुपातला एक खडा काढून फेकला. "ह्यांचं म्हणणं, तुमची नोकरी जाईल ते जाऊ द्या, पण वहिनींची सही आहे. खोटी साक्ष, तीही लढाईच्या मालाची. तुम्ही खरं लिहिलं की पोलिस वहिनींच्या दारात येतील. बाईमाणसाला कोठडी दाखवायची का? मी पाहिली आहे ती. नाही म्हणाले. तो कागद ह्यांनी चुलीत घातला."

"आणि तू? तू काही नाही म्हटलं?"

"मी म्हटलं ना. आठ दिवस भांडले ह्यांच्याशी," कुसुम म्हणाली. "माझा नवरा चोरासारखा राहून राहिला आणि तू तिकडे नाटकाचे कपडे शिवून राहिली. मला राग नाही येणार?"

एवढ्यात दामोदरराव मुलांना शिकवून आले. थकलेले दिसले. मला पाहून दारात थांबले आणि म्हणाले, "वहिनी, जेवून जा हं." मला तेव्हा रडू यायला हवं होतं. आलं नाही.

संध्याकाळी घरी पोचले तर हे ओसरीवर बसलेले. मी चपला काढायच्या आधीच म्हटलं, "सिहोऱ्याहून आले."

"अच्छा," हे म्हणाले.

"मला सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर तुला जबाब बदलावा लागला असता. दामोदरला शब्द दिला होता." मग म्हणाले, "आणि तू कधी विचारलंही नाहीस, शांता. तुला वाटलं, ह्या माणसाला काही वाटतच नाही."

मी ताटाचं सांगितलं. ह्यांनी मान हलवली. "हात घातला तेव्हाच कळलं. पिवडी खरखरीत असते, भंडारा मऊ. लहानपणापासून रोज शिवतो मी त्याला."

"कळलं, तरी बोललात? काहीच नाही वाटलं?"

"ते नाटकातलं वाक्य होतं. माझं खोटं मी दसऱ्याला टाकून आलो होतो." मग माझ्या हाताकडे बघून म्हणाले, "मला एवढंच वाईट वाटलं की तू मला असं पारखलंस. आणि ताटावर हात ठेवून तसं म्हणालीस, ते आठवून मी स्टेजवर थांबलो होतो. वाक्य विसरलो नव्हतो."

मग मी दौत-टाक आणला. बोटांत टाक धरलाय हे डोळ्यांनी बघत बघत मी साहेबाला अर्ज लिहिला. हे चारला घरी आले, मी बोलावलं म्हणून आले, माझी सही खोट्या जबाबावर आहे, हवी ती शिक्षा द्या. ह्यांनी आपला वेगळा लिहिला. अक्षर माझं लहान मुलासारखं आलं, पण सही वाचता येत होती.

पुढे काय झालं ते थोडक्यात. दोन महिने काही उत्तर नाही. मग बोलावलं. साहेब बदललेला, लढाई संपत आलेली, त्याला हे प्रकरण कधी एकदा मिटतं असं झालेलं. "बाईजी, आपको किसने मजबूर किया ये लिखने को?" मी म्हटलं, कोणी नाही. माझ्यावर खटला झाला नाही. ह्यांची नोकरी गेली. हे आता एका लाकडाच्या वखारीवर जातात. दामोदररावांना पत्र आलं की तुमच्यावरचा ठपका काढून टाकला आहे. त्यांनी परत नोकरी मागितली नाही. मालगुजाराच्या मुलांची परीक्षा होती म्हणाले.

तुम्ही म्हणाल, मग हात बरा झाला असेल. नाही झाला. आज पाच वर्षं झाली. खरं बोलले तरी नाही आणि भंडाऱ्याची क्षमा मागितली तरी नाही. बंगाली डॉक्टरांनी नागपूरच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली, तेही काही सांगू शकले नाहीत. तात्या म्हणायचे, देवाचं देवाला माहीत. हे म्हणतात, तू मनाला लावून घेतलंस. असेल. पण मनाला लागलं तर ते सही आठवल्यावर लागायला हवं होतं. हात त्याच्याही कितीतरी आधी गेला, जेव्हा माझ्या मनात फक्त ह्यांच्यावरचा राग होता. आणि भंडाऱ्याची मूठ भरूनही ह्यांच्या हाताला डाग कसा नव्हता? या दोन गोष्टींचा अर्थ मला आजपर्यंत कोणी सांगितलेला नाही.

ते पत्र आलं तेव्हा कुसुम ते दाखवायला एकटीच सिहोऱ्याहून आली होती. पत्र इंग्रजीत, टाइप केलेलं, खाली शिक्का. मला वाचता येत नव्हतं, तरी मी ते शेवटपर्यंत बघितलं आणि घडी करून तिला परत दिलं. मग आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो. थोड्या वेळाने माझी नजर खाली गेली तर माझा उजवा हात तिने आपल्या दोन्ही हातांत धरलेला होता. कधीपासून धरला होता, मला माहीत नाही.